पुसलेल्या काचा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये चला. साल आहे एकोणीसशे छप्पन. यंत्रांचे पट्टे फिरताहेत, पायाखालची जमीन थरथरते आहे आणि हवेत कोंड्याची धूळ इतकी, की समोरच्या बाईच्या भुवया पांढऱ्या दिसाव्यात. आली ना शिंक? आली असेल तर ती पांढऱ्या भुवयांची बाई तुम्हाला नीट दिसली. ती जमुनाबाई, आपल्या दहा वर्षांच्या रुख्माची आई. कोंडा भरता भरता ती खोकते, पदराने तोंड पुसते आणि पुन्हा टोपली उचलते.

या मिलमध्ये दर सोमवारी सायकलवरून एक डॉक्टर यायचा. गोवर्धन त्याचं नाव. पण हा सुई-औषधाचा डॉक्टर नव्हे. कॉलेजातला सगळ्यात वरचा अभ्यास संपवून तो डॉक्टर झाला होता आणि मिलच्या धुळीने माणसाला खोकला होतो का, हे शोधत होता. या शोधासाठी नागपूरचं एक मंडळ त्याला दोन वर्षं पैसे देणार होतं. अट एकच. पहिल्या वर्षाचं काम पटलं, तरच दुसऱ्या वर्षाचे पैसे.

सोमवारी तो सहा काचांना एरंडीचं तेल लावून त्या भिंतीवर अडकवायचा. आठवडाभर त्यांवर धूळ चिकटायची. शनिवारी डॉक्टर कामगारांच्या घरोघरी खोकल्याची चौकशी करत फिरायचा, म्हणून मुकादम बकाराम काचा उतरवून जमुनाबाईकडे द्यायचा आणि रुख्मा संध्याकाळी त्यांची लाकडी पेटी जवळच्या फुलचूर गावी डॉक्टरच्या खोलीवर पोचवायची.

एका शनिवारी रुख्मा पोचली, तर डॉक्टर हातात पत्र धरून सुतकी चेहऱ्याने बसलेला.

"काऊन जी डाक्टरसाब, तोंड असं काऊन केलं?"

"मंडळाचं पत्र आलंय. म्हणतात, तुमच्या काचांवर धूळच नाही, मग पैसे कशाचे द्यायचे? महिनाअखेर आकडे आले नाहीत, तर काम बंद." त्याने पेटीतली एक काच उजेडात धरली. "बघ. काय दिसतं?"

"काई नाई. चकचकीत हाये."

"तेच तर! मी तेल बदललं, काचा वर टांगल्या, खाली टांगल्या. डोळ्यांना ढीगभर धूळ दिसते आणि काचेवर कणभर नाही!"

"धूळ पायजे होती?" रुख्माचे डोळे विस्फारले. "ते तं माय दर शनवारी पुसून टाकते!"

"काय?"

"राखेनं घासते, पुसते, अन् मंग तुमी लावता तसंच तेल लावते. लोकाईची वस्तू मळकी कशी वापस करावं जी?"

डॉक्टर इतका हसला, की चष्मा नाकावरून घसरला.

सोमवारी त्याने नव्या काचा टांगल्या आणि जमुनाबाईपुढे हात जोडले. "बाई, या वेळी पुसू नका. मंडळाच्या मुदतीतला हा शेवटचाच आठवडा आहे."

"नाई बा! अशा घाण काचा कोणाच्या घरी पाठवतेत काय? सोयरे-धायरे काय म्हणतीन?"

"पाठव व," बकाराम पोत्यावरून ओरडला. "साबाले घाणच पायजे. नागपुरात भेटत नसंन!"

"खरंच," डॉक्टर म्हणाला. "या धुळीसाठीच मला पैसे मिळतात."

"धुळीचे पैसे?" जमुनाबाईने कमरेवर हात ठेवले. "मंग आमाले तं लाख भेटाले पायजे!"

सगळी मिल हसली. हसता हसता जमुनाबाईला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. थांबल्यावर ती म्हणाली, "बरं. नाई पुसत."

पण जन्माची सवय का कोणाचं ऐकते? शनिवारी रुख्मा आली, तेव्हा पेटी उघडी होती आणि आईच्या हातात ओलं फडकं होतं.

"माय!"

"अवं, एकच. नुसता कोपरा पुसतो."

रुख्माने झाकण दाबलं, पेटी पोटाशी धरली आणि अनवाणीच फुलचूरची वाट धरली. मागून आईचा आवाज येत होता, "अवं, कोपरा तं पुसू दे! कशी दिसंन ते!"

रुख्मा थांबली ती डॉक्टरच्या दारात. त्याने पहिली काच उचलली. ती पिठात बुडवल्यासारखी दाट मळली होती. डॉक्टरचा चेहरा मात्र दिवाळीसारखा उजळला. मग तो एकदम गंभीर झाला.

"रुख्मा, सोमवारी सकाळी डाक निघते. सहा काचा, एकेकीवर शंभर चौकोन, आणि चौकोनाचौकोनातले कण मोजायचे. मी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून कण मोजू, की आकडे लिहू?"

रुख्माने कपाळावरचा घाम पुसला, त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, कागद मांडीवर घेतला आणि मांडी घालून बसली.

"सांगा जी," ती म्हणाली. "पयला चौकोन."