दोन्ही हात सोडा

मी एक जुना वजनकाटा आहे. रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत खिडकीला लागून माझी जागा होती. माझा रंग उडाला आहे, काच तडकली आहे, पण मी अजून कधी खोटे बोललेलो नाही. मित्रांनो, या वयात एवढा ताठा मला शोभतो, असे मी मानतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, पोती आणि पेट्या मोजायच्या. नशिबी आली माणसे. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, त्यांच्या अंगात प्यायलेले पाणी साचून राहते. ते किती साचले हे मी सांगायचे आणि तेवढे यंत्राने काढायचे. ज्याचे पाणी जास्त, त्याला यंत्रावर वेळ जास्त. तेव्हा माझा मोठा मान होता. एक मिस्त्री येऊन मला तेल देई, काच पुसून जाई. मग तो येईनासा झाला. यंत्रेही एकेक करून बंद पडली आणि त्यांच्यावर चादरी टाकल्या गेल्या. माणसे मात्र वाढतच राहिली. माझ्या ओळखीचे पाय अचानक दिसेनासे होत. इथे दगावणाऱ्यांचे प्रमाण एवढे का, अशी वरून विचारणा होई आणि सिस्टर त्या चादरींकडे बोट दाखवत.

आमच्याकडे एक शिंपीकाका येत. माणूस थट्टेखोर. आयुष्यभर लोकांची मापे घेतली, आता हा माझे माप घेतोय, असे म्हणत माझ्यावर चढत. त्यांच्यानंतर त्याच यंत्रावर भाजीवाल्या ताईंची पाळी असे. एकदा काकांचे पाणी फार निघाले, उशीर झाला आणि ताईंना अर्ध्यावरच उठवावे लागले. धापा टाकत, भिंत धरत त्या बाहेर गेल्या. काका बघत राहिले. जाताना त्यांनी थट्टा केली नाही.

पुढच्या वेळेपासून काका माझ्यावर उभे राहिले की एक हात हळूच खिडकीच्या कट्ट्यावर टेकवू लागले. थोडा भार तिकडे जाई आणि माझा काटा मागेच थांबे. काकांनी पाणी पिणे छान सांभाळले म्हणून सिस्टर खूश होत, त्यांना लवकर उठवत आणि ताईंना पूर्ण वेळ मिळे. अंगात थोडे पाणी राहिले तर काय बिघडते, असे काकांना वाटत असावे. मला आला तेवढाच भार दाखवता येतो, ओरडता येत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

एका सकाळी काकांऐवजी त्यांची मुलगी आली. बाबांना आडवे होता येईना, श्वास पुरेना, छातीत पाणी भरले होते आणि पहाटे ते गेले, एवढे तिने कसेबसे सांगितले.

"पण वजन तर ठीक होतं," सिस्टर म्हणाल्या.

ताई बाकावरून हळूच बोलल्या, "ते खिडकीला हात टेकायचे. मला वाटलं, तोल जातो म्हणून."

सिस्टर कट्ट्याकडे बघत राहिल्या. तिथल्या धुळीत काकांच्या बोटांची जागा स्वच्छ झाली होती. मग त्यांनी मला ओढत खोलीच्या मधोमध आणले. तिथे धरायला काहीच नाही.

ताई माझ्यावर चढल्या आणि त्यांनी सिस्टरचा हात दोन्ही हातांनी धरला. "त्यांचा वेळ मी खाल्ला ना, सिस्टर?" त्यांनी विचारले.

सिस्टर माझ्या काट्याकडे वाकल्या. "दोन्ही हात सोडा," एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला तेल नाही मिळाले तरी चालेल. पण चादरीखालची ती यंत्रे दुरुस्त करा. शिंपीकाकांना मरायचे नव्हते. दुसऱ्याला जगता यावे म्हणून माझ्यावर कुणाला खोटे हलके व्हावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.