शेंगेशिवाय नाव नाही

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. मोठ्या बटणाएवढं, पितळी घरात घडी होऊन बसणारं. माझी काच घासणारी कारागीर मोठी हट्टी होती. ती मला घासायची, उजेडाकडे धरायची, नाक मुरडायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. शेवटी एकदाची म्हणाली, "आता हे खोटं दाखवणार नाही." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

मग मी बाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोरीत आले. बाई एका मोठ्या बागेत नोकरीला होत्या. बागेच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. एक खिडकी, एक लांब टेबल आणि भिंतभर कपाटं. कपाटांत वाळवलेल्या फांद्या कागदांवर शिवून ठेवलेल्या. लोक एखादी फांदी घेऊन यायचे आणि विचारायचे, "हे काय आहे हो?" बाई मला डोळ्याशी लावायच्या, फांदी माझ्याजवळ आणायच्या आणि नाव सांगायच्या. घरी तांदूळ निवडतानाही त्या मलाच डोळ्याला लावत. सोनकिड्यांनी माझी धास्ती घेतली होती.

बाईंचा धाकटा भाऊ बस चालवायचा. डोंगरातला रस्ता त्याचा. पार मिशा पिकायला लागलेला माणूस, पण आई लवकर गेल्यामुळे बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्या त्याला बाब्याच म्हणायच्या. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली की बाब्या रस्त्याकडेच्या झाडीत शिरायचा आणि ताईसाठी काहीबाही घेऊन यायचा. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "उतारू खाली राहतील एक दिवस, आणि गाडीभर पाला येईल."

एकदा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक फांदी आणली. बारीक पानांची, गुलाबी फुलांचे तुरे असलेली. बाईंनी एक फूल सुईने उलगडलं. वर उभी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली होडीसारख्या मिटलेल्या दोन. शेंगवर्गीय झुडूप, यात शंका नव्हती. मग त्यांनी मला पानाच्या पाठीवर धरलं. पानावरचा एकेक केस मधोमध चिकटलेला होता आणि दोन्ही बाजूंना आडवा पसरलेला होता.

"निळीच्या कुळातलं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पान पुन्हा माझ्याखाली धरलं.

"म्हणजे आपल्या डोंगरातली जुनी? नाहीशी झाली म्हणतात ती?"

"किंवा रंगासाठी बाहेरून आणून लावलेली. फुलं दोन्हींची सारखीच. बाहेरचीची शेंग कोयत्यासारखी वाकडी असते, आपलीची सरळ. शेंगेशिवाय नाव नाही सांगायचं, बाब्या."

"तू म्हणजे ना, ताई," तो हसला. "आणतो शेंग. पळून जातेय का ती?"

पण ते झुडूप होतं तो उतारच पळून चालला होता. रस्ता रुंद करायचं ठरलं होतं. बाई रस्त्याच्या कामाच्या साहेबांकडे गेल्या. मी त्यांच्या गळ्यात होते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "नाव पक्कं आहे का?" बाई म्हणाल्या, "अजून नाही." साहेब म्हणाले, "मग पक्कं झालं की या. तेवढा उतार मी सोडायला लावतो."

शेंगा धरायच्या आतच यंत्रं आली. अर्धा उतार खरवडून गेला. काही दिवसांनी बाब्याने फोन केला. "ताई, वर कडेला एक झुडूप राहिलंय. शेंगा दिसताहेत खालून."

"जपून चढ," बाई म्हणाल्या. नको म्हणाल्या नाहीत. शेंगा हव्याच होत्या.

माती नुकतीच कापलेली, भुसभुशीत. झुडपापर्यंत तो पोचला. उतरताना कडा सुटला.

दवाखान्यात नेईपर्यंत बाब्या गेला होता. तिथे त्याचे कपडे त्याच्या बायकोच्या हाती दिले. तिने शर्टाच्या खिशातला रुमाल काढून बाईंपुढे धरला. "हे तुमचं असेल," एवढंच म्हणाली. रुमालात शेंगा होत्या.

बाई कित्येक दिवस कामावर गेल्या नाहीत. मग एका सकाळी त्यांनी खोली उघडली, टेबल पुसलं आणि मला डोळ्याशी लावलं. शेंगा सरळ होत्या. अगदी सरळ. बाईंनी एक शेंग फोडली, मग दुसरी, मग सगळ्या. प्रत्येक बीला बारीकसं भोक होतं. आतलं सगळं किड्याने खाल्लेलं. पेरण्याजोगं एकही बी नव्हतं, आणि वरचं झुडूप बाब्याबरोबरच खाली आलं होतं.

माझ्यावर पाणी पडलं. मला काही दिसेना. बाईंनी मला पदराने पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मी खोटं दाखवू शकत नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याचं दुःख झालं.

बाईंनी फांदी कागदावर शिवली. झुडपाचं नाव लिहिलं. खाली गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे त्यांचा हात फार वेळ थांबला.

मित्रांनो, आता मी बहुतेक खणातच असते. माझ्या पितळेवर डाग पडलेत. मध्ये एक मुलगी फांदी घेऊन आली. बाईंनी मला बाहेर काढलं, फुलं पाहिली. मुलगी म्हणाली, "शेंग लागेल का? मी परत जाऊन आणते की. कड्यावर आहे, पण जमेल मला."

"नको," बाई म्हणाल्या. "याला नाव नसलं तरी चालेल. तू सरळ घरी जा."

मुलगी गेली. बाई खिडकीतून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिल्या. मित्रांनो, झाडं जरूर जवळून बघा, त्यांची नावं शिका, ती तुटू देऊ नका. पण तुमच्यासाठी कुणी काही आणायला निघालं, तर आधी त्या माणसाकडे नीट बघा. त्यासाठी भिंग लागत नाही.