टँक कोणाचा

"फ्रीज कोणाचा?" ताईने विचारलं.

"तुमचाच की," भावजय म्हणाली. "जुना गळायला लागला तेव्हा तुम्हीच नाही का घेतलात?"

ताईने पांढऱ्या लेबलवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, मागचा कागद सोलला आणि फ्रीजच्या दारावर, मुठीच्या जरा वर ते चिकटवलं. अंगठ्याने चारी कोपरे दाबले. लेबलांचं रीळ तिने आपल्या कामाच्या प्रयोगशाळेतून विकत आणलं होतं. रक्ताच्या नळ्यांना लावतात ती ही लेबलं; ओली झाली तरी सुटत नाहीत.

उद्या जप्तीला बेलिफ यायचा होता. धाकट्या भावाच्या दुकानावर कोर्टाचा हुकूम झाला होता. दुकानातलं सगळं आधीच गेलं होतं आणि तेवढ्याने देणं फिटलं नव्हतं, म्हणून आता मालक राहतो त्या घरात काय आहे ते बघायला माणूस येणार होता. घर भाड्याचं, ताईच्या नावावरचं. राहत होती चौघं: आई, ताई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वकिलाने सांगितलं होतं, "जे त्याचं आहे तेवढंच नेता येतं. कोणाचं काय, ते आधी ठरवून ठेवा."

ठरवून ठेवा म्हणणं सोपं होतं. या घरात आजवर कोणी काही ठरवलंच नव्हतं. ज्याच्या हातात पैसे असतील त्याने आणायचं, ज्याला लागेल त्याने वापरायचं.

"वॉशिंग मशीन?"

"ते माझं. माझ्या बाबांनी दिलेलं."

"कपाट?"

"त्याला काही डकवू नकोस हं," आई पलंगावरून म्हणाली. "माझ्या लग्नातलं आहे. नाव नसलं तरी मी ओळखते त्याला."

"आई, तू ओळखतेस. बेलिफ कुठे ओळखतो?"

"मग मलाही लाव एक कपाळावर. नाहीतर न्यायचा उचलून."

"तुला नेऊन करणार काय ते? दोन दिवसांत परत आणून सोडतील," ताई म्हणाली. भावजय हसली. दाराशी जमिनीवर बसलेला धाकटाही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

त्याला घरात छोटू म्हणत. केस पांढरे झाले तरी छोटूच. पूर्वी घरात शिरला की त्याचा आवाज आधी यायचा, मग तो. दुकान बंद झालं तसा तो घरात पाहुण्यासारखा वागू लागला होता. पंखा लावायच्या आधी विचारायचा. डब्यातलं बिस्कीट घ्यायच्या आधी विचारायचा. आईने एकदा वैतागून म्हटलं होतं, "अरे, श्वास घेतोस तो तरी विचारून घेतोस का?" त्यावर तो 'नाही' म्हणाला होता, अगदी गंभीरपणे.

ताई लेबल लावत राहिली. टीव्ही, मिक्सर, दोन्ही पलंग, कपडे भिजवायचा आईचा मोठा निळा टब. विचारायचं, उत्तर ऐकायचं, समोरच लिहायचं. रक्त घेताना तिची हीच पद्धत होती. पेशंटला 'तुम्ही अमुकच ना?' असं कधी विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं आणि थांबायचं. नाव त्याच्या तोंडून यायला हवं. नव्या मुलींना शिकवताना ती म्हणायची, "बिननावाची नळी फेकून देता येते. चुकीच्या नावाची नळी दोघांना बुडवते."

रीळ बरंच रिकामं झालं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण अजून एकदाही छोटूचं नाव लिहिलेलं नाही. ती मागे वळून प्रत्येक वस्तू आठवू लागली. कुठेच चूक नव्हती. त्याने कमावलेलं सगळं दुकानात गेलं होतं, आणि दुकानातून बाहेर आलं ते देणं.

राहिला टँक.

बैठकीच्या खोलीत खिडकीच्या विरुद्ध भिंतीला तो होता, लाकडी कपाटावर ठेवलेला, माणूस आडवा झोपेल एवढा लांब. छोटूचं दुकान माशांच्या टँकचं. दवाखान्यांत, हॉटेलांत टँक बसवायचे, दर आठवड्याला साफ करायचे, मासे आजारी पडले की धावत जायचं. घरातला टँक त्या सगळ्याच्या आधीचा. काचा त्याने स्वतः कापून आणल्या होत्या, सांधे स्वतः भरले होते. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा चौघंही खाली वर्तमानपत्रं अंथरून बसली होती आणि एक थेंबही पडला नव्हता. त्या टँकवरून त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. शेवटचं गिऱ्हाईक एक हॉटेल होतं. त्याने भिंतभर टँक मागवला, छोटूने सगळा माल उधारीवर उचलला आणि हॉटेलच बसलं.

"टँकला तुमचंच लावा, ताई," भावजय घाईने म्हणाली. "वीज तुमच्या नावावर, जागा तुमच्या नावावर. अहो, ताईंचाच ना टँक?"

"हो," छोटू म्हणाला.

ताईचं पेन थांबलं. भावजय टँककडे न बघता ताईकडे बघत होती. तिचा हात काचेवर होता, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. ताईने लेबल लिहिलं आणि लावलं. कोपरे मात्र दाबले नाहीत.

बेलिफ सकाळी उशिरा आला. पोट सुटलेला, गुडघेदुखीचा माणूस होता. जिने चढून आल्यामुळे आधी खुर्चीवर बसला, मग "बसू का?" म्हणाला. बरोबर दोन हमाल होते. ते दाराबाहेरच थांबले.

"पाणी द्या थोडं. चहा नको, चहा घेतला की लोकांना वाटतं आता हा काही नेणार नाही." पाणी पिऊन त्याने घरभर नजर फिरवली. "अरे वा, लेबलं लावलीत. एका घरी टीव्हीवर आजोबांचं नाव होतं. म्हटलं, बोलवा आजोबांना. तर आजोबांचा भिंतीवर फोटो, फोटोला हार."

"आमच्याकडे सगळे जिवंत आहेत," आई म्हणाली.

"दिसतंय, आजी."

तो वाईट माणूस नव्हता. एकेका वस्तूपुढे उभा राहायचा, लेबल वाचायचा, "हे यांचंच ना?" म्हणायचा, कोणीतरी हो म्हणायचं, तो पुढे सरकायचा. फ्रीजचं बिल ताईने काढून ठेवलं होतं. ते त्याने पाहिलं आणि परत दिलं. छोटू त्याच्या मागे मागे चालत होता. वस्तू सरकवायला मदत करत होता, कपाटाचं अडकणारं दार उचलून उघडून देत होता.

"म्हणजे यांचं इथे काहीच नाही?" बेलिफने सगळ्यांकडे बघत विचारलं.

"काही नाही हो," आई ठासून म्हणाली. पोराला वाचवायचं तर हेच म्हणायचं, हे तिने घोकून ठेवलं होतं. "पायातल्या चपला सोडल्या तर या घरात याचं म्हणून काही नाही."

 छोटूने खाली आपल्या चपलांकडे पाहिलं आणि पायाची बोटं आत ओढून घेतली.

बेलिफ टँकपुढे आला. आत सोनेरी मासे होते. त्यांतला सर्वांत म्हातारा, एक पर फाटलेला, त्याला आईने 'भाऊजी' नाव ठेवलं होतं, कारण तो खायच्या वेळेलाच दिसायचा. बेलिफ उभा राहिला तेव्हा मासे आपल्या नादात होते. मग छोटू त्याच्या शेजारी आला, आणि सगळे मासे काचेशी गोळा झाले. छोटू डावीकडे सरकला. मासे डावीकडे सरकले.

"ओळखतात की काय?" बेलिफने विचारलं.

"खायला देणाऱ्याला ओळखतात," भावजय पटकन म्हणाली. "कोणीही दिलं तरी."

बेलिफने लेबल वाचलं. एक कोपरा सुटून वर आला होता. "हा ताईंचा टँक. ना?" त्याने छोटूला विचारलं.

"हो."

कालच्यासारखंच 'हो'. ताईने आयुष्यभर असे 'हो' ऐकले होते. सुई पाहून डोळे मिटलेली माणसं तसं म्हणायची, आणि ती त्यांना दुसऱ्यांदा विचारायची. बेलिफ पेन टोपणात घालत होता. तो आता निघाला असता. सगळं वाचलं असतं.

"छोटू," ताई म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"टँक कोणाचा?"

"ताई!" भावजय म्हणाली.

ताई थांबली. तिला थांबायची सवय होती. पंपाचा आवाज येत होता. दाराबाहेरच्या हमालांपैकी एकजण खोकला. छोटूने काचेवर बोट ठेवलं, काढलं, तिथे उमटलेला ठसा सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"माझा," तो म्हणाला. मग बेलिफकडे वळून जरा मोठ्याने, "माझा आहे टँक. मी बनवलाय."

बेलिफने पेन परत उघडलं. त्याला आनंद झाल्यासारखा दिसला नाही. "बघा हं," तो म्हणाला. "मी निघालोच होतो."

"लिहा," छोटू म्हणाला.

भावजय आत निघून गेली. ताई मागोमाग गेली तेव्हा ती स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी होती.

"तेवढंच तर होतं त्यांचं," ती न वळता म्हणाली. "तेवढं राहावं म्हणून मी तुमचं नाव लावायला सांगितलं. मला काय टँकचं लोणचं घालायचं होतं? त्यांचं आहे म्हणता म्हणता त्यांचंच घालवलंत तुम्ही."

"चुकलं असेल माझं," ताई म्हणाली.

"असेल काय. चुकलंच."

 बाहेरून छोटूचा आवाज येत होता. दुकानातला, हुकूम सोडायचा आवाज. तो त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. दोघीही ऐकू लागल्या.

"असा नाही उचलायचा. पाणी ठेवून उचललात तर सांधा सुटेल, वर तुमची पाठ जाईल. आधी नळी लावू. बादली आणा कोणीतरी. अहो तुम्ही, त्या कडेला हात नका लावू, कापेल."

"मासे आम्ही नेत नाही हं," बेलिफ सांगत होता. "जिवंत जीव नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

"त्यांचं मी बघतो. आई, तुझा टब घेतोय."

त्याने विचारलं नव्हतं. घेतोय म्हणाला होता. भावजयीने ताईकडे पाहिलं. मग डोळे पुसले, ओट्याखालची बादली उचलली आणि बाहेर घेऊन गेली.

जुनंच पाणी त्याने टबात घेतलं, नव्या पाण्यात मासे दचकतात म्हणून. पंपाचा ओला स्पंज काढून टबात सोडला. बेलिफला त्याचं कुतूहल वाटलं, तेव्हा छोटूने हमालांनाही जवळ बोलावून समजावलं, की टँक साफ ठेवतो तो पंप नाही, या स्पंजमध्ये राहणारे जंतू. दिसत नाहीत, पण घाण खाऊन तेच सगळं निभावतात. "पंप न्या, स्पंज ठेवतो. चालेल?" बेलिफ म्हणाला, स्पंजला कोण बोली लावणार, ठेवा. मग छोटूने एकेक मासा जाळीत घेतला. भाऊजी शेवटी आला, नेहमीसारखा.

रिकामा टँक चौघांनी उचलला. दोन हमाल एका टोकाला. दुसऱ्या टोकाला छोटू आणि, गुडघ्यांना शिव्या देत, बेलिफ. प्रत्येक वळणावर छोटू आधी थांबायचा, कोन बघायचा, मग म्हणायचा, "आता." खाली टेम्पोत त्याने टँकखाली आपल्या घरची सतरंजी घातली. ती भावजयीची होती, तिच्या नावाचं लेबल कोपऱ्यात तसंच होतं. तिने वरून खिडकीतून ते पाहिलं.

"मालक, इथे सही," बेलिफ म्हणाला.

छोटूने सही केली.

दुपारी ताई लेबलं काढायला बसली. सहज निघत नव्हती. फ्रीजवर डिंकाचा चौकोन राहिला, टीव्हीवर राहिला, कपाटावरचं लेबल तर पॉलिश घेऊनच आलं. "सांगितलं होतं, त्याला डकवू नकोस," आई म्हणाली. भावजय तिच्याशी बोलत नव्हती, पण थोड्या वेळाने तिने तेलाचा बोळा आणून ताईसमोर ठेवला आणि स्वतःही एक लेबल सोलायला घेतलं.

टँकच्या कपाटावर धूळ नसलेला लांब पट्टा होता. आईने तिथे औषधांचा डबा ठेवला, पाहिलं, आणि परत उचलून घेतला.

टब खिडकीशी ठेवला होता. त्यावरचं आईच्या नावाचं लेबल भिजलं होतं, पण सुटलं नव्हतं. "माझे कपडे कशात भिजवायचे?" आई विचारत होती. "माझ्या नावाचा टब, आणि त्यात हे पाहुणे."

"भाडं लाव, आई," छोटू म्हणाला. त्याने ओट्यावरचा डबा उघडून बिस्कीट घेतलं, आणखी एक घेतलं आणि खुर्ची ओढून टबाशी बसला.

मासे कडेकडेने फिरत होते. काचेतून तो दिसायची त्यांना सवय. टबाच्या निळ्या भिंतीतून काही दिसत नव्हतं. ते भिंतीला तोंड लावायचे, थोडं थांबायचे, पुढे जायचे. छोटूने बराच वेळ पाहिलं. मग तो उठून टबावर वाकला, दोन्ही हात कडांवर ठेवून, त्याची सावली पाण्यावर पडेल इतका. पहिल्यांदा सगळे खाली पळाले. तो हलला नाही. हळूहळू एकेक करून ते वर येऊ लागले.