काटा अर्ध्यावर

"अर्धी टाकी आहे, ताई! हा बघ ना, काटा अर्ध्यावर आहे!"

विदाने काचेवर बोट आपटलं. गाडीने चढावर दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला ती गप्प उभी राहिली.

शेजारच्या सीटवर घोंगडीत गुरफटलेल्या स्तामेंकाने डोळे किलकिले केले. ती विदाची थोरली नणंद. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दिवसाआड शहरातल्या इस्पितळात जाऊन तिला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, आणि तिथून निघताना तिच्या अंगात चिमणीएवढंही बळ उरत नसे.

"चष्मा नाहीये माझ्याजवळ," ती पुटपुटली. "तू म्हणतेस तर असेल अर्धी."

इंजिनाला मात्र ते पटलं नाही. डोंगरावरून नोव्हेंबरचा वारा उतरत होता. बऱ्याच वेळाने लाकडं भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने टाकीच्या तोंडाला कान लावला आणि गाडी जरा हलवून पाहिली.

"काकू, आत थेंब नाही."

"अरे, पण काटा बघ! अर्ध्यावर आहे की नाही, एवढंच बघ."

"काट्याचं नंतर बघू. आधी यांना घरी न्या, ओठ निळे पडलेत." त्याने लाकूड कापायच्या करवतीसाठी ठेवलेलं डबाभर पेट्रोल टाकीत ओतलं, हात पुसले आणि निघून गेला.

काटा कुणीच पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निश शहरातून विदाची मुलगी यास्ना आली. सोबत जावई बोयान. विदाने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, तोवर यास्नाने कोटसुद्धा काढला नव्हता.

"दुसऱ्यांदा झालं हे, आई. मागल्या वेळी तू एकटी होतीस. या वेळी आत्या होती गाडीत. तिला काही झालं असतं तर?"

"काटा बिघडलाय. मागल्या वेळीही सांगितलं होतं मी."

बोयान बाहेर गेला, किल्ली फिरवून बघून आला. "काटा अर्ध्यावर आहे. टाकीत पेट्रोलही आहे. म्हणजे बरोबरच दाखवतोय की."

"ते त्या ट्रकवाल्याने ओतलं! एवढ्याशा डब्याने अर्धी टाकी भरते का?"

"मग नंतर पंपावर भरलं असेल तुम्ही," बोयान अगदी समजुतीने म्हणाला. "लक्षात नसेल, आई."

लक्षात नसेल. या दोन शब्दांवर माणूस काय उत्तर देणार? नाही म्हणावं तर तेही विसरण्यातच जमा. विदा मुलीकडे वळली. यास्ना तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली, तिचा हात हातात घेतला आणि अंगणवाडीतल्या पोराशी बोलावं तशा आवाजात तिने विचारलं,

"आई, आज वार कोणता?"

विदाला वार ठाऊक होता. तारीख ठाऊक होती, आणि या पोरीला पहिला दात कोणत्या वारी आला तेही ठाऊक होतं. पण संतापाने तिची जीभ टाळ्याला चिकटली. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. कॉफी उतू गेली, तेही त्यांनी पाहिलं.

यास्नाने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "गुरुवारी डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आम्ही न्यायला येऊ."

ते गेल्यावर विदा तडक गावाच्या टोकाला मिलोरादच्या गॅरेजात गेली. जन्मापासून त्या गाडीचं सगळं त्यानेच केलेलं.

"फक्त काटा तपासायचाय. येतोस का घरी?"

मिलोराद नजर चुकवत हसला. "काकू, यास्नाचा फोन येऊन गेला. गाडीला हात लावू नको म्हणाली."

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्याच हो. पण रागावू नका, वय झालं की होतं असं. माझी आई तर गॅस सुरू ठेवून शेजारी गप्पा मारायला..."

त्याच्या आईचं काय झालं ते ऐकायला विदा थांबली नाही.

पुढच्या खेपेला स्तामेंका इस्पितळाच्या गाडीने गेली. ती गाडी उजाडायच्या आत निघते, डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून आजारी माणसं गोळा करते आणि परतताना शेवटच्या माणसाचं यंत्र थांबेपर्यंत सगळ्यांना बाकावर बसवून ठेवते. दिवस मावळताना स्तामेंका फाटकाशी उतरली. कोटावर ओकारीचा डाग होता. तो तिने रुमालाने झाकला होता, विदाला दिसू नये म्हणून.

विदाला दिसला.

सकाळी तिने शिवणाच्या डब्यातून वारलेल्या नवऱ्याची जुनी किल्ली काढली आणि कुंपणावरून शेजारी हाक मारली. "ताई, चष्मा घेऊन ये!"

गाडी अंगणात उभी होती. चारही दारं सताड उघडी. मागच्या सीटची गादी विदाने बाहेर काढून ठेवली होती. सीटखालचं पत्र्याचं झाकणही उघडलं होतं. आत टाकीवर एक तबकडी होती आणि तिला दोन वायरी जोडलेल्या.

"मला चालवायला लावतेस की काय?" स्तामेंका स्टिअरिंगमागे बसत म्हणाली.

"इंजिन सुरू करू नकोस. किल्ली नुसती अर्धी फिरव आणि काट्यावर नजर ठेव. तो काय करतो तेवढं सांग."

"अर्ध्यावर आहे."

विदाने एक वायर उपसली. "आता?"

"पडला! पार तळाला गेला गं."

विदाने तीच वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली. "आणि आता?"

"उठला! भरली टाकी! विदा, अगं पेट्रोल फुकट झालं!"

"म्हणजे काटा शहाणा आहे. वायरही शहाणी. खोटारडा आत टाकीत बसलाय."

विदाचं उभं आयुष्य रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर गेलं होतं. मुका रेडिओ समोर आला की एका टोकापासून निघायचं. ठीक असेल त्याला ठीक म्हणायचं आणि पुढे सरकायचं. रेडिओला तिथे कुणी वय विचारत नसे. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण बोटं तीच होती.

तिने लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने तबकडीभोवतीचं कडं ठोकून फिरवलं आणि तबकडी अलगद वर काढली. पेट्रोलचा दर्प अंगणभर पसरला. तबकडीला खाली एक बारीक दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारी डबी. वायरी पुन्हा जोडून विदाने डबी हाताने वर उचलली.

"चढतोय," स्तामेंका म्हणाली.

विदाने डबी सोडली. दांडा खाली यायला लागला आणि मध्येच थबकला. बिजागरीत गंजाचा एक खवला अडकला होता. डबी हवेत तशीच राहिली.

"अर्ध्यावर थांबला," स्तामेंका म्हणाली. मग मागे वळून तिने विदाच्या हातातली ती वस्तू पाहिली. "अगं बाई! हा तर टाकीच्या बाहेर असतानाही अर्धी म्हणतोय!"

"दुरुस्त नाही करणार," विदा म्हणाली. "गुरुवारपर्यंत असाच राहू दे."

गुरुवारी यास्ना आणि बोयान आले, तेव्हा टेबलावर तबक मांडलेलं होतं. वाटीत गुलाबपाकळ्यांचा मुरांबा, दोन चमचे, दोन पेले पाणी. परक्या माणसांसाठी मांडतात तसं.

"आई, आम्ही काय पाहुणे आहोत?" यास्ना म्हणाली.

"माझ्या घरातून किल्ली नेणाऱ्यांना काय म्हणतात, ते मी बोलत नाही. गोड खा आणि अंगणात चल."

तिने यास्नाला गाडीत पुढे बसवलं आणि जुनी किल्ली अर्धी फिरवली. "काय दिसतंय?"

"अर्धी टाकी."

"मागे बघ."

यास्नाने मागे पाहिलं. आईच्या पेट्रोलने माखलेल्या हातात तबकडी होती, तिच्याखाली कोरडी डबी मधोमध अडकलेली. आईने दांड्याला टिचकी मारली, दांडा सुटला आणि काटा तळाला जाऊन पडला. दांडा पुन्हा वर उचलून सोडला, तर काटा पुन्हा अर्ध्यावर.

बोयानने घसा खाकरला. "मानलं तुम्हाला, आई. पण डॉक्टरांची वेळ घेतलीच आहे, तर एकदा जाऊन आलेलं काय वाईट?"

"तुम्हीच जाऊन या, जावईबापू. बायकोच्या आईने काय सांगितलं ते तुमच्या लक्षात राहत नाही."

"आई, ओरडू नकोस ना," यास्ना हळूच म्हणाली.

"ओरडणार! तुझे बाबा म्हणाले असते, काटा खोटा आहे, तर तुम्ही काटा उघडला असतात. मी म्हणाले, तर माझं डोकं उघडायला निघालात! ताईचे ओठ निळे पडले, तिला त्या डबड्यात बसून ओकत यावं लागलं, आणि तू मला वार विचारतेस?"

यास्नाचं तोंड उतरलं. "तू सांगितलं होतंस," ती म्हणाली. "पहिल्याच वेळी, फोनवर. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, हेही तुझ्या विसरण्यातलंच."

तिने पर्समधून किल्ली काढली, आत जाऊन तबकात पेल्याशेजारी ठेवली आणि बाहेर आली. माफी तिने मागितली नाही. कदाचित तिची जीभही टाळ्याला चिकटली असेल. विदा त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

दुपारी तिने बिजागरीचा गंज खरवडला, तेलाचा थेंब सोडला आणि सगळं जागच्या जागी बसवलं. काटा खाली, खऱ्या जागी जाऊन थांबला. मग तिने पंपावर जाऊन टाकी भरून घेतली. पंपावरचा माणूस तिच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलला. पावाच्या दुकानातल्या बाईने सुटे पैसे दोनदा मोजून दाखवले. डोक्याची बातमी गावभर गेली होती. काट्याची कुणी नेली नाही. व्हिएन्नापर्यंतसुद्धा डोक्याचीच पोचली. तिथून स्तामेंकाच्या मुलाने आईला फोन करून बजावलं, "मामीच्या गाडीत पाय ठेवायचा नाही."

हे स्तामेंकाने विदाला सांगितलं नाही. पण तिच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि मुलाचा आवाज मोठा होता.

पुढच्या खेपेच्या सकाळी इस्पितळाची गाडी स्तामेंकाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. विदाने आपली गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. तिने हॉर्न वाजवला नाही की हात केला नाही. विनवणी करायची नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. येईल ती येईल.

स्तामेंका काठी टेकत बाहेर आली. ड्रायव्हरने दार सरकवलं. "या आजी, चढा. तुमच्या मुलाचा निरोप आलाय, तुम्हाला आमच्याच गाडीतून न्यायचं म्हणून."

"त्याला उलटा निरोप दे," स्तामेंका म्हणाली. "म्हणावं, ये व्हिएन्नाहून आणि दिवसाआड ने मला." गाडीच्या खिडक्यांना नाकं लावून बसलेल्या माणसांसमोरून ती सावकाश रस्ता ओलांडून आली आणि विदाच्या शेजारी बसली. "चल."

गाव मागे पडलं.

"राग गेला का?" स्तामेंकाने विचारलं.

"नाही."

"नको जाऊ देऊस. थंडीत उपयोगी पडतो."

परतताना तिला झोप लागली. तोंड अर्धवट उघडं होतं आणि हात मांडीवर उताणे पडले होते. उताराला लागल्यावर प्रत्येक वळणाला तिचं डोकं काचेकडे कलंडायला लागलं. विदाने वेग कमी केला, मग आणखी कमी केला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, दिवे मारले आणि शेवटी शिव्या हासडत पुढे निघून गेली. विदाने मान वळवली नाही. पुढचं वळण तिने इतक्या हळू घेतलं, की स्तामेंकाचा गाल काचेला लागलाच नाही.