महाराजांच्या तांब्यातलं लाल रक्त

मंगळवार उजाडला की जुन्नरच्या डोंगरातल्या त्या गुहेपाशी जत्रा भरायची. नारायणगावाहून जीपा भरभरून माणसं यायची. गुहेच्या तोंडाशी, वाघाचे पट्टे रंगवलेल्या ब्लँकेटवर भुयारी महाराज बसायचे. आत बसत नसत. आत घाण होती.

"करणी हाय!" महाराज गरजले. "एनर्जी निगेटिव्ह! वरचं कनेक्शनच कट!"

समोर संपत होता. महिन्याभराच्या तापानं चिपाड झालेला, चेहऱ्यावर मध्ये खळगा पडलेल्या पुळ्या. आई बायडाबाईनं त्याला धरून बसवलं होतं. महाराजांनी त्याच्या तळव्यांना हळद फासली, तांब्यातलं तीर्थ ओतलं. तळवे लालभडक!

"रक्त! करणी उतरली!"

गर्दीनं हात जोडले. मागे उभ्या धर्माजी गुरुजींनी मात्र जोडले नाहीत. चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे पाहून नुसती किळस आली.

संपत त्यांचा विद्यार्थी. चार वर्षांपूर्वी त्याला एचआयव्ही निघाला, तेव्हा तपासणीला गुरुजीच बरोबर गेले होते. गोळ्या घेऊन गडी ठणठणीत होता, टोमॅटो पिकवत होता. सहा महिन्यांपूर्वी या ब्लँकेटवाल्यानं सांगितलं, "गोळ्या फेक, सेवा कर." सेवा म्हणजे दर मंगळवारी गुहेतली वटवाघळांची वाळकी घाण कोरड्या झाडूनं झाडायची. हे चारचौघांत बोलायचं नव्हतं. आजार संपतचा होता, सांगायचा हक्कही त्याचाच.

तांब्याबद्दल मात्र बोलता येत होतं.

"महाराज, हात पुढं करा. पूजा करतो."

पूजा म्हटल्यावर हात झटकन पुढं आले. गुरुजींनी त्यांना हळद फासली आणि त्याच तांब्यातलं तीर्थ ओतलं. लालभडक!

"अगं बया! महाराजांलाच करणी?" म्हातारी कुशाबाई ओरडली. माणसं खो खो हसली.

"करणी न्हाई कुशाबाई, चुन्याची निवळी हाय. तुझ्या चंचीतला चुना हळदीत कालवून बघ, घरबसल्या महाराज होशील."

महाराज ब्लँकेट गुंडाळू लागले. बायडाबाई हसली नाही.

"मग माज्या पोराला झालंय तरी काय, गुरुजी?"

"मला ठाऊक नाय. म्हणून तर तपासायचं."

गुरुजी मायलेकांना घेऊन मंचरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर सिताराही आधी ठाऊक नाही असंच म्हणाल्या. लक्षणं क्षयासारखी, पण थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. मग त्यांनी कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "संपतभाऊ, वटवाघळं असतात तिथं गेला होता का?"

संपतनं झाडूची सेवा सांगितली. त्यांनी पुळी खरवडून काचपट्टीवर घेतली, लघवी पुण्याला तपासायला पाठवली. निघाली ती बुरशी. वटवाघळांच्या घाणीत ती वाढते, धुळीबरोबर छातीत जाते. धडधाकट शरीर तिला बहुधा दाबून टाकतं. गोळ्या सोडलेल्या संपतच्या अंगभर ती पसरली होती.

"दोन आठवडे सलाइनमधून औषध, मग वर्षभर गोळ्या," डॉक्टर म्हणाल्या. "एचआयव्हीच्याही पुन्हा सुरू करू. आणखी दोन मंगळवार गेले असते, तर मी काही करू शकले नसते."

देवावर ज्याची श्रद्धा असेल त्यानं ती खुशाल ठेवावी. पण 'मला सगळं कळतं' म्हणणाऱ्यापुढं हात जोडण्याआधी, 'तपासून सांगतो' म्हणणाऱ्याचं दार गाठावं.

संपत उठून बसला तोवर गुहेपाशी ब्लँकेट पुन्हा पसरलं होतं. त्या मंगळवारी बायडाबाई डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिली. जीप थांबली.

"मावशी, महाराज वर हायेत का?"

"हायेत की. झाडायला माणूस हुडकत्यात," ती म्हणाली. "माजा पोरगा मेला नाय, म्हणून सांगाया आले. जीप फिरव."