होडी जाळणारा व्हिडिओ

मी एक जुना व्हिडिओ आहे. जुना म्हणजे चारेक महिन्यांचा. आमच्यात एवढ्या वयात नातवंडं होतात.

मित्रांनो, माझा जन्म भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या खाडीकाठी झाला. तुळशीराम कोळी आपली लाकडी होडी दुरुस्त करत होता. डब्यात राळ आणि तेल उकळायचं, त्यात कापूस भिजवायचा, त्याचे काळे गोळे करून फळ्यांच्या फटींत ठोकायचे, म्हणजे पाणी आत येत नाही. होडी पुन्हा पाण्यात जाईपर्यंत दाढी काढणार नाही, असा त्याने एकवीरा आईला नवस केला होता. दाढी छातीपर्यंत आली होती. त्याच्या मुलीने, मनालीने, मोबाईल धरला.

"बाबा, जरा हास ना!"

"होडी हासली का मी बी हासंन."

मनाली खिदळली. ते खिदळणं माझ्यात होतं. तिने मला इंटरनेटवर टाकलं आणि मला सात लाइक मिळाले. त्यातले तीन मावश्यांचे. मी सुखी होतो.

मग मला एका एसी ऑफिसात उचलून नेलं. तिथे 'डोळे उघडा' नावाची संघटना चालायची. निहार नावाचा मुलगा तिथे व्हिडिओ कापायचा. निहार वाईट नव्हता. कोणी केक बनवतं, तसा तो राग बनवायचा.

"सर, हे होडीचं काम वाटतंय," तो म्हणाला.

"वाटू दे," सर म्हणाले. "आधी आवाज काढ. मुलगी हसतेय. हसण्यावर कोणी चिडतं का?"

निहारने आवाज काढला. होडी कापली, खाडी कापली, चेहरा काळा केला. उरली दाढी, दोन हात, काळा गोळा आणि कोपऱ्यात खाडीच्या धक्क्याच्या भिंतीचा तुकडा. मागे ढोल लावले. खाली लिहिलं : 'खाडीकाठी स्फोटकं बनवणारे हे लोक! झोपलात तर संपलात!' 'हे लोक' म्हणजे कोण, ते लिहायची गरज नव्हती. ते रोज शिकवलं जात होतं.

मी पसरलो. चार दिवसांत विरुद्ध बाजूच्या जहाल टोळीनेही मला उचललं. त्यांनी ढोलांऐवजी रडकं संगीत लावलं : 'आपल्या निष्पाप भावाची बदनामी! बदल्याला तयार राहा!' दोन्हीकडे माझ्यामुळे नवीन पोरं भरती झाली. एवढं कौतुक मला कधीच मिळालं नव्हतं.

एके दुपारी मी मोरव्यात परत आलो. तुळशीरामच्या बायकोच्या, शकूच्या मोबाईलवर. तिने मला दोनदा पाहिलं. "काय मेली मानसं!" म्हणाली आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. बायकोने नवऱ्याचे हात ओळखले नाहीत, कारण खाली लिहिलं होतं की ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

त्यातल्याच कोणाकडून मी भाईंदर पूर्वेच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर गेलो. तिथल्या परागने कोपऱ्यातली ती भिंत ओळखली. "अरे, ये तो अपना मोरवा है!"

संध्याकाळी बाइकवरून सात-आठ जण आले. होडीशेजारी कापूस होता, तेल होतं, काळे गोळे होते. पुरावाच पुरावा! शकू ओरडत धावली. "अरं मेल्यांनो, आमची होडी हाय ती!" तोवर एकाने काडी टाकली होती. तेल लागलेलं लाकूड लगेच पेटलं. तुळशीराम बादली घेऊन पोचला तेव्हा फक्त सांगाडा उरला होता.

आग लावून झाल्यावर परागने नाव विचारलं.

"तुळशीराम."

"मग आधी सांगायचं ना काका! सॉरी हं, चुकून झालं."

दुसरं नाव सांगितलं असतं, तर चुकून झालं नसतं का? हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण माझा आवाज काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी तुळशीरामने दाढी काढली. शकूने विचारलं, "न् नवस?"

"होडी कुठं हाय?" तो म्हणाला. आता तो दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जातो. शकू त्याच्या हातांकडे बघत नाही.

आग लागली तेव्हा एकाने मोबाईल धरला होता. मला धाकटा भाऊ झाला. 'डोळे उघडा'ने त्याचंही बारसं केलंय : 'पाहा, त्यांनी आपल्या कोळी बांधवाची होडी जाळली!' तो माझ्यापेक्षा जोरात पळतोय. तुमच्या घरी येईलच.

मित्रांनो, शाळेच्या निबंधातली जुनी छत्री, जुनी खुर्ची शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. आईच्या, काकांच्या मोबाईलमध्ये मी दिसलो, तर आधी मला पुसा. मग त्यांच्याशेजारी बसा, मी कसा बनलो ते सांगा आणि ते रागावले तरी उठू नका.