अंशांवर लावलेला कॅल्क्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, साइन-कोसाइनवाला. आता पार थकलोय. पाचचं बटण दाबलं की वर यायचं नाव घेत नाही आणि पडद्याचा एक कोपरा कायमचा काळा पडलाय. तरी सांगतो, कारण एक गोष्ट मनाला टोचते आहे.

माझी उमेदीची वीस वर्षं जमिनीची मोजणी करणाऱ्या एका माणसाच्या खिशात गेली. ऊन, धूळ, चहाचे डाग, सगळं सोसलं. तो कोन अंशांत मोजायचा, म्हणून मलाही कायम अंशांवरच लावून ठेवलेलं. हा कधी चुकत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. मला बरं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर त्याने मला पुतणीला दिलं. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या गणितात कोनाचं माप वेगळं, रेडियन. माप बदलायचं बटण माझ्यावर आहे, पण काकाने ते कधी वापरलं नाही, म्हणून सांगितलंही नाही. आणि मी कोणत्या मापावर आहे हे दाखवणारं अक्षर नेमकं त्या काळ्या कोपऱ्यात येतं.

पोरगी मरमर अभ्यास करायची. रीत बरोबर मांडायची, पण उत्तर पुस्तकाशी जुळायचं नाही. मग बिचारी बरोबर रीतच खोडून टाकायची. परीक्षेतही तेच. दोनदा नापास झाली. वडिलांनी हात टेकले. आणखी एकदा राहिली तर कॉलेज बंद, असं ठरलं.

"यंत्र चुकत नाही, पोरीलाच झेपत नाही," काका म्हणाला. मी तिथेच टेबलावर होतो.

शेवटच्या परीक्षेआधी तिने वही गणिताच्या बाईंना दाखवली. खोडलेल्या ओळी वाचता वाचता बाई थांबल्या. त्यांनी मला उचललं आणि एकचा साइन काढून पाहिला.

"अगं, तू कुठेच चुकलेली नाहीस. हा अंशांवर आहे."

पोरगी वहीवर डोकं ठेवून रडली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. काका मान खाली घालून घरी आला. माझंच चुकलं, म्हणाला.

"पास झाले, काका," ती म्हणाली. "पण मला येतं, हे अजून खरंच वाटत नाही."

मित्रांनो, वापरलेली वस्तू कुणाला द्याल तेव्हा ती कशी लावलेली आहे तेवढं सांगा. मला बोलता येत नाही हो. तुम्हाला येतं.